बाबांची यामाहा आरएक्स १०० लंडनला न्यायचीय, तिकडे पासिंग होईल का?

परळकर

मंडळी, नमस्कार. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

नोकरीसाठी लंडनला जातोय, तीनेक महिन्यांत निघायचं. घर बहुतेक हॅरोच्या बाजूला. किमान पाच-सात वर्षांचा मुक्काम. घरात दोन गाड्या आहेत. एक माझी २०१९ ची रॉयल एनफील्ड हिमालयन ४११. दुसरी बाबांची आरएक्स १००, ऑक्टोबर १९९२ ची, एमएच ०१ पासिंग, अजून बाबांच्याच नावावर. बाबा ठणठणीत आहेत, पण गुडघ्यांमुळे किक मारणं बंद झालंय. दर रविवारी शिवडीपर्यंत एक चक्कर मीच मारतो, म्हणून ती जिवंत आहे.

कंपनी घरसामानासाठी कंटेनरमध्ये जागा देतेय. पॅकर्सवाला म्हणाला, "गाडीपण टाका की साहेब, काय त्यात!" हे ऐकूनच पोटात गोळा आला. इतकं सोपं असतं तर सगळ्यांनीच नेल्या असत्या.

प्रश्न असे: दोघींपैकी कुठली न्यावी? आरटीओतून काय काय काढावं लागतं? तिकडे कस्टम किती लागतं? आणि मुख्य म्हणजे तिथली नंबरप्लेट मिळते का?

आप्पा_गिरगाव

मिळत असेल. पण कशाला? तिकडे चांगल्या जुन्या जपानी गाड्या मिळतात, पेपर तयार, एमओटी (तिकडची फिटनेस तपासणी) झालेली. जितके पैसे लाकडी पेटीत घालाल तितक्यात तिथे गाडी उभी राहील. हिमालयन विका, आरएक्स पुतण्याला द्या. भावनेच्या भरात माणसं पियानोसुद्धा घेऊन जातात, मग तो जिन्यात अडकतो.

परळकर

आप्पा, हिशेबाने तुमचं शंभर टक्के खरं. हिमालयन विकायला माझी ना नाही. आरएक्सचं मात्र तसं नाही. पुतण्याला दिली तर दुसऱ्या दिवशी तिला एक्सपान्शन सायलेन्सर आणि निळे एलईडी लागलेले असतील.

गोदीवाला

सीएचएच्या (कस्टम हाउस एजंटच्या) ऑफिसात बरीच वर्षं काढली आहेत, बॅलार्ड इस्टेट आणि न्हावाशेवा दोन्हीकडे. माझ्या बाजूचं सांगतो. यूके बाजूचं तिकडचे लोक सांगतील.

पहिली गोष्ट. मुंबईतून गाडी बाहेर काढणं हा या सगळ्यातला सोपा भाग आहे. लोक इथल्या कागदांच्या मागे धावतात, पेटी जहाजावर चढली की पेढे वाटतात, आणि तिकडे उतरल्यावर कळतं की ही गाडी त्या देशात रस्त्यावर येऊच शकत नाही. म्हणून आधी तिकडचं उत्तर मिळवा. मग सुतार बोलवा.

दुसरी. वैयक्तिक वापराची वस्तू, धंद्यासाठी नाही, म्हणून आयईसी (आयात-निर्यात कोड) नंबर लागत नाही. घरसामानाबरोबर शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टमचा कागद) फाइल होतं, त्यात मोटरसायकल वेगळी दाखवायची, कस्टम टॅरिफचं हेडिंग ८७११. कस्टमचा अधिकारी आरसी हातात घेऊन चेसिस नंबर आणि इंजिन नंबर ताडून बघतो. आरएक्सचा चेसिस नंबर हँडलच्या गळ्यावर असतो आणि तीस वर्षांच्या रंगाच्या थरांखाली तो हमखास बुजलेला असतो. रॉकेलचं फडकं आणि जुना टूथब्रश घेऊन हळूच साफ करा. सँडपेपर अजिबात नको. नंबरावर घासल्याच्या खुणा दिसल्या की पुढे प्रत्येक टेबलावर तेच उत्तर देत बसाल. साफ झाला की पेन्सिलने त्याचा छाप घ्या, फोटो काढा, आरसीवरचा एकेक आकडा जुळवा. जुन्या पुस्तकातून संगणकात चढवताना शून्याचा ओ झालेला मी बऱ्याचदा पाहिलाय.

तिसरी. बाबांच्या जुन्या आरसी पुस्तकाची नोंद वाहन पोर्टलवर आहे का ते आत्ताच बघा. नसेल तर आधी ताडदेव आरटीओत बॅकलॉग एंट्री (जुन्या नोंदीची संगणकात भर) करून घ्यावी लागेल. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) बसवली नसेल तर तीही बसवा. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती सक्तीची आहे आणि त्याशिवाय नाव बदलण्यासारखं काम पुढे सरकत नाही. १५ वर्षांनंतरचं रिन्यूअल आणि पर्यावरण कर भरलेला आहे ना?

परळकर

रिन्यूअल झालंय, पुढची साडेतीन वर्षं चालेल. एचएसआरपी बसलीय. पोर्टलवर नोंद दिसते, पण रंग 'लाल' लिहिलाय आणि गाडी जन्मापासून काळी आहे.

गोदीवाला

रंग दुरुस्त करून घ्या. छोटी गोष्ट आहे, पण तपासणीच्या दिवशी छोटी राहत नाही.

हॅरोवाली

परळकर, स्वागत आहे आमच्या गावात. आम्ही नाशिकची १९८८ ची बुलेट इथे आणली आणि ती रीतसर इथल्या नंबरावर फिरते. अनुभवावरून सांगते, थोडं सविस्तर.

तुमच्या दोन गाड्यांची गंमत अशी आहे की जी कस्टममधून फुकट सुटेल तिचं पासिंग अवघड, आणि जिचं पासिंग सोपं तिला कस्टम भरावं लागेल.

हिमालयन आधी. इथे राहायला येणाऱ्याला ट्रान्स्फर ऑफ रेसिडेन्स नावाची सूट मिळते. अटी: निघण्याआधी सलग १२ महिने यूकेबाहेर राहिलेले असावेत, वस्तू किमान ६ महिने तुमच्या मालकीची आणि वापरातली असावी, आल्यापासून १२ महिन्यांच्या आत ती इथे पोचावी. मग ड्यूटी नाही, व्हॅट नाही. बदल्यात पुढचे १२ महिने ती विकता, भाड्याने देता किंवा कुणाला वापरायला देता येत नाही. अर्ज एचएमआरसीकडे (इथलं कर आणि कस्टम खातं) ऑनलाइन, सामान पोचायच्या आधी. हिमालयन यात आरामात बसते.

पण रजिस्ट्रेशनला अडते. तेच मॉडेल इथल्या शोरूममध्ये विकलं गेलंय हे खरं, तरी तुमची गाडी भारतीय मंजुरीची आहे, युरोपियन सर्टिफिकेट तिच्यासोबत नाही. १० वर्षांच्या आतल्या अशा गाडीला एमएसव्हीए नावाची तपासणी द्यावी लागते. दिवे, इंडिकेटर, आरसे, ब्रेक, आवाज, सगळं एकेक करून. अशक्य नाही, पण सुटे भाग बदलत बसावं लागतं.

आता आरएक्स. १० वर्षं उलटलेल्या गाडीला एमएसव्हीए लागत नाही. हा मोठा डोंगर गेला. पण गाडी बाबांच्या नावावर आहे, म्हणून तुमच्या या सवलतीत बसत नाही.

परळकर

मग मी उद्याच फॉर्म २९-३० भरून नाव बदलून घेतो. गाडी ६ महिन्यांनी मागवतो. १२ महिन्यांच्या आतच येईल ना?

हॅरोवाली

इथेच सगळे फसतात. ते ६ महिने तुम्ही भारत सोडण्याच्या *आधीचे* मोजतात. तुम्ही इकडे आणि गाडी परळच्या जिन्याखाली, असे ६ महिने धरत नाहीत. तीन महिन्यांत निघणार असाल तर आरएक्ससाठी ही सूट विसरा.

पण घाबरू नका, दुसरी वाट आहे. ३० वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपातली आणि जिचं उत्पादन बंद झालंय अशी गाडी इथे ऐतिहासिक वस्तूंच्या हेडिंगखाली आणता येते. ड्यूटी शून्य, व्हॅट २० ऐवजी ५ टक्के. समजा गाडीची किंमत १ लाख धरली आणि भाडं-विमा मिळून ५० हजार, तर दीड लाखावर ५ टक्के म्हणजे साडेसात हजार रुपये. यासाठी कुणी झोप उडवून घेऊ नये.

फटफटी

'मूळ स्वरूप' हा शब्द वाचून थांबलो. परळकर, खरं सांगा. इंजिनाचा ब्लॉक शंभर सीसीचाच आहे ना? की मधे कधी १३५ चा चढवलाय? मुंबईतल्या निम्म्या आरएक्सना तो चढलेला असतो आणि मालकाला पत्ता नसतो, कारण मेकॅनिकने 'बोअर केलाय' एवढंच सांगितलेलं असतं.

परळकर

बाबांना विचारलं. ते एवढे चिडले की उत्तर मिळालं. ब्लॉक मूळचा आहे. सायलेन्सरही मूळचा. फक्त मागचा मडगार्ड आणि सीट बदललीय.

फटफटी

बाबांना दंडवत. सीट-मडगार्डने काही बिघडत नाही. चेसिस, इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग यांत फेरफार नको. जुना मडगार्ड माळ्यावर असेल तर तो परत लावा, फोटोत बरं दिसतं.

निघायच्या आधी कुर्ल्याला सीएसटी रोडवर एक शनिवार घालवा. क्लच प्लेट्स, सगळ्या केबल्स, पॉइंटच्या जागी जे काही असेल ते, कार्ब्युरेटरचं किट, ऑइल सील, एक पिस्टन-रिंग सेट. लंडनमध्ये जुन्या यामाहाचे भाग मिळतात, पण आपल्या एस्कॉर्ट्सच्या आरएक्सचे सगळेच जुळतील असं नाही. हे डब्यात घालून पेटीतच टाका आणि यादीत लिहा.

आणि स्पीडोमीटर. तिकडे मैल लागतात. एप्रिल १९८४ नंतरच्या गाडीला ताशी मैल दाखवता आले पाहिजेत. डायल बदलायची किंवा वर मैलांचे आकडे चढवायचे. हेडलाइटची कटकट नाही, कारण तिकडेही डावीकडूनच चालतात, झोत बरोबर पडतो.

ऱ्हाइनकाठी

हेडलाइटवरून आठवलं. जर्मनीत कुणी न्यायचा विचार करत असेल तर तिथे हेच उलटं. वाहतूक उजवीकडून, आपला लो बीम समोरच्याच्या डोळ्यात जातो, त्यामुळे ई-मार्कवाला (युरोपियन मंजुरीचा) वेगळा हेडलाइट बसवावाच लागतो. मग टीयूव्हीच्या (तिथली वाहन तपासणी संस्था) इंजिनीयरसमोर कलम २१ ची एकेरी तपासणी. तो सर्वात आधी विचारतो, "डेटाशीट कुठे आहे?" इंजिनची ताकद, कमाल वेग, वजन, आवाजाची पातळी, टायरचा साइज, सगळं छापील हवं. माझ्या मित्राच्या येझदीला हाच कागद मिळेना. म्हैसूरच्या कारखान्याची जुनी मालक-पुस्तिका एका काकांच्या कपाटात सापडली, तिचं भाषांतर करून काम झालं. ३० वर्षांच्या पुढच्या, चांगल्या अवस्थेतल्या गाडीला इथे नंबराच्या शेवटी 'एच' मिळतो, कर एकाच ठरावीक दराने आणि शहरांच्या पर्यावरण क्षेत्रात अडवत नाहीत.

इथेही कस्टमचा ना-हरकत कागद नंबर ऑफिसला लागतो. तो जपून ठेवा, परत मागायला गेलं की तोंड वेंगाडतात.

परळकर

आता आरटीओचं सांगा ना कुणीतरी. ताडदेवला एका एजंटाने सांगितलं एनओसी काढा, दुसऱ्याने सांगितलं रजिस्ट्रेशन कॅन्सल करा, तिसऱ्याने काहीच नको म्हणून सांगितलं आणि तिघांनीही पैसे सांगितले.

गोदीवाला

तिघांचं मिळून एक उत्तर होतं.

फॉर्म २८ ची एनओसी ही मुळात दुसऱ्या राज्याच्या किंवा दुसऱ्या आरटीओसाठी आहे. त्यावर कुठल्या आरटीओला जाणार ते लिहायचं असतं, 'लंडन' असा रकाना नाही. कायमची देशाबाहेर चाललेली गाडी असेल तर आरटीओला साध्या कागदावर लेखी अर्ज करा, गाडी कायमची परदेशात नेत आहे, नोंदणी रद्द करावी. सोबत विमा, पीयूसी, पोलिसांकडचा गाडी चोरीची नसल्याचा दाखला. तो एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) पोर्टलवरून निघतो. जुनं कर्ज असेल तर फॉर्म ३५ ने हायपोथिकेशन (आरसीवरची कर्जाची नोंद) उतरवलेलं हवं. १९९२ मध्ये हप्त्यावर घेतली होती का?

परळकर

बाबांनी बोनसमधून रोख घेतली होती. हे ते दर दिवाळीला सांगतात.

हॅरोवाली

गोदीवाले साहेब, एक मोठी अडचण इथे आहे आणि ती बोललीच पाहिजे. इथल्या डीव्हीएलएला (म्हणजे इथलं आरटीओ) *मूळ* परदेशी रजिस्ट्रेशन कागद हवा असतो. झेरॉक्स नाही. तुम्ही आरटीओत नोंदणी रद्द करायला गेलात आणि त्यांनी मूळ आरसी जमा करून घेतली, तर इथे दाखवायला हातात काय उरतं?

गोदीवाला

बरोबर पकडलंत. म्हणून क्रम महत्त्वाचा. अर्ज द्यायच्या आधी पोर्टलवरून 'आरसी पर्टिक्युलर्स'चा अर्ज करा. आरटीओच्या सहीशिक्क्याचा तपशील मिळतो, त्यात चेसिस नंबर, इंजिन नंबर, उत्पादनाचा महिना-वर्ष, पहिल्या नोंदणीची तारीख सगळं येतं. आणि रद्द करण्याच्या अर्जातच लिहा की परदेशात नोंदणीसाठी मूळ आरसी 'रद्द' शिक्का मारून परत मिळावी. लेखी मागितलं तर बहुतेक देतात. तोंडी मागितलं तर "साहेब जेवायला गेलेत."

नाव बदलायचं असेल तर ते या सगळ्याच्या आधी. बाबांच्या नावावरची गाडी तुम्ही निर्यात करताय, हे कस्टमच्या टेबलावर समजावत बसू नका.

हॅरोवाली

डीव्हीएलएला पाठवायचा गठ्ठा असा होता: व्ही ५५/५ फॉर्म, ५५ पौंड फी, मूळ आरसी आणि तो सहीशिक्क्याचा तपशील, एमओटीचं सर्टिफिकेट, ओळखपत्र आणि पत्त्याच्या प्रती. याच्या आधी नोव्हा पूर्ण झालेली लागते. म्हणजे गाडी देशात आल्यापासून १४ दिवसांत एचएमआरसीला कळवायचं. ते त्यांच्या संगणकात बसलं नसेल तर डीव्हीएलए तुमचा लिफाफा तसाच परत पाठवते.

नंबराबद्दल. तारीख सिद्ध झाली तर गाडीच्या वयाला साजेसा नंबर मिळतो. तुमची ऑक्टोबर १९९२ ची, तेव्हा इथे 'के' अक्षर चालू होतं. तारीख सिद्ध नाही झाली तर 'क्यू'वाली प्लेट, जी विमेवाल्यांना आवडत नाही आणि विकताना भाव पडतो. जुन्या जपानी गाड्यांचा इथे क्लब आहे, ते गाडीचे फोटो आणि चेसिस नंबर बघून वयाचा दाखला देतात. आरसीत तारखेचा घोळ असेल तर तो दाखला कामाला येतो.

एमओटीला जाताना गाडी चालवत नेता येते, बुकिंग आधी केलेलं असेल आणि विमा असेल तर. विमा चेसिस नंबरवर काही दिवसांसाठी मिळतो. मोठ्या कंपन्यांच्या वेबसाइट गाडीचा नंबर मागतात आणि पुढेच जात नाहीत. फोन करा, जुन्या गाड्यांचा विमा करणारे वेगळे लोक आहेत.

आप्पा_गिरगाव

म्हणजे नंबर मिळवायला विमा, विमा मिळवायला नंबर. हे तर आपलंच खातं झालं.

गोदीवाला

आता पेटी. हा माझा जिव्हाळ्याचा विषय.

पेट्रोल टाकी पूर्ण रिकामी, कार्ब्युरेटरचा बाउलही रिकामा. आरएक्सला बाजूला टूटी (टू-स्ट्रोक) ऑइलची वेगळी टाकी आहे, ती लोक विसरतात. समुद्रात पेटी कलली की ते तेल सगळ्या घरसामानावर. तुमच्या सासूबाईंच्या पैठण्या त्याच कंटेनरमध्ये असतील. बॅटरी काढून इथेच ठेवा, तिकडे नवी घ्या. मोटरसायकल धोकादायक मालात मोडते, यूएन ३१६६, वर्ग ९. पॅकर्सवाल्याने शिपिंग लाइनला तसं जाहीर केलंय का ते विचारा. "घरसामानात टाकून देतो, कोण बघतंय" म्हणाला तर पॅकर्सवाला बदला.

लाकूड साधं चालत नाही. आयएसपीएम १५ चा (लाकडी पॅकिंगचा आंतरराष्ट्रीय नियम) शिक्का हवा, गव्हाच्या लोंबीचं चित्र आणि 'एचटी' अक्षरं. म्हणजे लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश तापमान ३० मिनिटं राहिलेलं आहे. फळीफळीवर शिक्का बघून घ्या. भिवंडीचा सुतार "शिक्का मारून देतो" म्हणेल, त्याच्याकडे उपचाराचं सर्टिफिकेट मागा. प्लायवूडला हे लागत नाही, म्हणून भिंती प्लायच्या आणि सांगाडा शिक्क्याच्या लाकडाचा करतात.

पुढचं चाक आणि हँडल काढलंत तर पेटी साधारण १८० बाय ६० बाय १०० सेंटिमीटरमध्ये बसते, म्हणजे एक घनमीटरच्या किंचित वर. समुद्रमार्गे सुट्या मालाचं भाडं घनमीटरवर असतं, त्यामुळे हे दोन नट खोलणं सोडू नका. विमानाने न्यायचं असेल तर आकारावरून वजन धरतात, घनसेंटिमीटर भागिले ६०००. याच पेटीचे १८० किलो होतात. गाडी शंभर किलोची, पैसे १८० चे.

पट्टे बांधताना पुढचा फोर्क पूर्ण दाबून बांधू नका. दोन महिने दाबलेला राहिला की सील गेले. फोर्कच्या मधे लाकडाचा ठोकळा द्या. आणि दोन महिने म्हणतोय ते उगाच नाही. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बऱ्याच लाइन्सनी जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून पाठवायला सुरुवात केली, त्याने दहा-पंधरा दिवस वाढतात. बुकिंगच्या वेळी मार्ग विचारून घ्या.

विमा काढताना सर्व जोखमींचा घ्या, फक्त जहाज बुडाल्याचा नको. २०२१ मध्ये सुएझमध्ये एव्हर गिव्हन अडकलं तेव्हा जनरल ॲव्हरेज जाहीर झालं. म्हणजे जहाज सोडवायचा खर्च त्यावरच्या सगळ्या मालाच्या मालकांवर वाटला जातो. विमा नसेल तर हमी भरल्याशिवाय तुमची पेटी हातात येत नाही.

हॅरोवाली

याला माझी पुरवणी. मुंबईत दिलेलं 'भाडं' म्हणजे फक्त समुद्राचं भाडं. आमच्या वेळी कोटेशन इतकं कमी होतं की नवरा खूश. इथे आल्यावर टर्मिनल हँडलिंग, गोदाम, कागदपत्र, क्लिअरन्स, डिलिव्हरी, एकेक ओळ जोडत बिल समुद्रभाड्याच्या वर गेलं. सुट्या मालात हे नेहमीचंच आहे. मुंबईतल्या माणसाने "तिकडचं तिकडे बघतील" म्हटलं तर तिथेच थांबवा आणि दारापर्यंतचं कोटेशन लेखी मागा. परळकर, तुमच्या बाबतीत कंपनी पूर्ण कंटेनर देत असेल तर हा भाग बराच हलका होईल.

मेलबर्नकर

कुणी ऑस्ट्रेलियासाठी हा धागा वाचत असेल तर दोन वाक्यं. इथे आयातीची मंजुरी *जहाजावर चढवायच्या आधी* लागते. मंजुरीशिवाय आलेली गाडी बंदरातच अडकते. दुसरं, ॲस्बेस्टॉसवर २००३ च्या अखेरीपासून पूर्ण बंदी आहे. जुन्या गाड्यांचे ब्रेक शू, क्लच प्लेट, गॅस्केट यांत ते असू शकतं, म्हणून काढून नवे घालून पुरावा ठेवा. आणि टायरच्या खाचेत कोकणातली माती राहिली तर क्वारंटाइनवाले तुमच्या खर्चाने धुतात.

सह्याद्रीभटक्या

चर्चगेटला वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनमधून कार्ने काढला तर हे सगळं टळत नाही का? माझ्या ओळखीतले एकजण इराणमार्गे युरोपला गाडी घेऊन गेले होते.

गोदीवाला

कार्ने म्हणजे गाडी *परत आणण्याची* हमी. वर्षभराची मुदत, देशात शिरताना शिक्का, निघताना शिक्का, आणि परत आली नाही तर तुमची अनामत गेली. फिरायला जाणाऱ्यासाठी उत्तम. स्थायिक होणाऱ्यासाठी नाही. यूकेला तर कार्ने लागतही नाही.

यावरून उलटा प्रश्नही येतो. पाच-सात वर्षांनी गाडी परत आणू, असं मनात धरून नेऊ नका. आपल्याकडे जुन्या गाडीच्या आयातीला वयाची अट ३ वर्षांची आहे. नोंदणी रद्द करून गेलेली ३५-४० वर्षांची आरएक्स परत मुंबईच्या रस्त्यावर आणणं हे नेण्यापेक्षा कितीतरी अवघड होईल.

परळकर

हे बाबांना सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "मग तिथे नीट शेड आहे का ते बघ."

हॅरोवाली ताई, एक शेवटचं. तुमची बुलेट रोज चालवता?

हॅरोवाली

नाही हो. आणि हे तुम्हाला कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं. ऑगस्ट २०२३ पासून पूर्ण ग्रेटर लंडन युलेझमध्ये (प्रदूषण करणाऱ्या गाड्यांना रोजचा आकार लावणारं क्षेत्र) आहे, हॅरोसकट. मोटरसायकलला युरो ३ या धुराच्या मानकाची अट आहे. आपली १९९२ ची टू-स्ट्रोक त्या मानकाच्या आधीची आहे. ज्या दिवशी रस्त्यावर काढाल त्या दिवशी १२.५० पौंड. नाताळचा एक दिवस सोडून वर्षभर, चोवीस तास. उभी ठेवली तर काही नाही.

४० वर्षं झाली की गाडी ऐतिहासिक करवर्गात जाते, रोड टॅक्स माफ, एमओटी माफ आणि युलेझही माफ. तुमच्या १९९२ च्या गाडीला ते एप्रिल २०३३ पासून मिळेल. आमचीला २०२९. तोवर ती महिन्यातून एखाद्या रविवारी निघते.

लायसन्सचंही बघा. भारतीय लायसन्सवर १२ महिने चालवता येते, नंतर नाही. नंतर प्रोव्हिजनल (शिकाऊ लायसन्स) काढून, सीबीटी (सक्तीचं प्राथमिक प्रशिक्षण), थिअरी आणि दोन प्रॅक्टिकल. मोटरसायकलच्या परीक्षेची तारीख मिळायला वेळ लागतो, पहिल्याच महिन्यात अर्ज करा.

आप्पा_गिरगाव

रविवारी एकदा चालवायला साडेबारा पौंड. परळहून शिवडीची चक्कर फुकट होती.

परळकर

आप्पा, पटतंय. तरी नेणार. हिमालयन विकायला काढली आहे. नाव बदलायचे फॉर्म काल ताडदेवला दिले, रंगदुरुस्तीचा अर्ज त्याच खिडकीत. कंपनीच्या मूव्हरला यूएन ३१६६ विचारलं तर तो म्हणाला "ऑफिसला विचारून सांगतो", म्हणून दुसऱ्या दोघांकडून कोटेशन मागवलंय.

नोव्हाबद्दल एक अडकलंय. १४ दिवस जहाज बंदराला लागल्यापासून मोजायचे, की पेटी माझ्या हातात आल्यापासून?

हॅरोवाली

गाडी देशात आल्यापासून. पेटीची वाट बघत बसू नका. क्लिअरिंग एजंट कस्टम एंट्री करतो त्या दिवशी त्याच्याकडून एंट्री नंबर घ्या आणि त्याच संध्याकाळी ऑनलाइन भरून टाका. चेसिस नंबर टाकताना आरसी समोर ठेवा, एक आकडा चुकला तर डीव्हीएलएच्या संगणकात तुमची गाडी सापडणार नाही.

आणि शेडचं विचारलंत ना बाबांनी? हॅरोत शेडवाली घरं भाड्याने कमी मिळतात. गॅरेज वेगळं भाड्याने मिळतं, कौन्सिलची यादी असते. घर बघतानाच नाव नोंदवा.